सायबॉर्ग

सजीव शरीर आणि यंत्र यांच्या जोडणीतून बनलेला जीव, विशेषतः माणूस. 'सायबरनेटिक ऑर्गॅनिझम' या दोन इंग्रजी शब्दांचे आरंभीचे तुकडे सांधून हा शब्द घडला. रोबो पूर्णपणे यंत्र असतो आणि अँड्रॉइड माणसासारखे दिसणारे यंत्र. सायबॉर्गमध्ये मात्र जिवंत देह असावाच लागतो.

शब्दाचा पूर्वार्ध 'सायबरनेटिक्स'मधून आला. यंत्र आणि प्राणी यांच्यातील नियंत्रण व संदेशवहनाच्या अभ्यासाला अमेरिकी गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी 1948 मध्ये हे नाव रूढ केले. त्याच्या मुळाशी 'सुकाणू धरणारा' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. आपल्या 'कर्णधार' शब्दाचा मूळ अर्थही तोच. संस्कृतात 'कर्ण' म्हणजे सुकाणूसुद्धा.

'सायबॉर्ग' हा शब्द 1960 मध्ये मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी अंतराळप्रवासावरील लेखात मांडला. क्लाइन्स शास्त्रज्ञ आणि पियानोवादक होते, तर क्लाइन मनोविकारतज्ज्ञ. अंतराळात पृथ्वीची हवा सोबत वाहून नेण्यापेक्षा माणसाचे शरीरच तिथल्या परिस्थितीला जुळवून घेईल असे का करू नये, हा त्यांचा प्रश्न होता. लेखातले उदाहरण होते एका उंदराचे. त्याच्या कातडीखाली बसवलेला छोटा पंप ठरावीक गतीने औषध सोडत राही आणि उंदराला त्याकडे लक्ष द्यावे लागत नसे. या कल्पनेचे मर्म इथेच आहे. घाम येणे, श्वास चालणे ही कामे शरीर आपसूक करते, तसेच जोडलेल्या यंत्रानेही नकळत शरीराचा समतोल राखावा आणि माणसाचे मन विचाराला, शोधाला मोकळे राहावे.

पुढे चित्रपटांनी पोलादी हात आणि लाल डोळे दाखवून शब्दाचा अर्थ बाह्य रूपाकडे झुकवला. मूळ अर्थाला हृदयाचे ठोके नियमित ठेवणारा पेसमेकर कितीतरी जवळचा. तो संपूर्णपणे शरीरात बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया 1958 मध्ये स्वीडनमध्ये झाली, म्हणजे वस्तू शब्दाच्या आधी आली. आजचे बहुतेक पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके टिपतात आणि ठोका चुकला तरच विद्युतस्पंद देतात. चश्मा किंवा मोबाइल वापरणाऱ्यालाही काहीजण सायबॉर्ग म्हणतात, पण तो शब्द फारच सैल करणे होय. अमेरिकी विचारवंत डोना हॅरवे यांनी 1985 मधील निबंधात मात्र तो जाणीवपूर्वक रूपक म्हणून वापरला. माणूस व यंत्र, माणूस व पशू या सीमा पक्क्या नाहीत, हे त्यांना स्त्रीवादी विचारातून दाखवायचे होते.