जुन्या लष्करी रायफलीची ओळख पटवणे

लष्कराने वापरून बाजूला काढलेल्या रायफलीवरचे छाप, क्रमांक आणि दुरुस्तीच्या खुणा वाचून तिचा कारखाना, साल व पुढचा प्रवास ठरवण्याची पद्धत. मराठवाड्यात हा प्रश्न बहुधा ‘थ्री नॉट थ्री’बद्दल निघतो. ही .303 इंच (7.7 मिमी) व्यासाची, दहा काडतुसांची ली-एनफील्ड. पोलिसांच्या खांद्यावर ती कित्येक दशके होती.

वाचायला सुरुवात दस्त्याच्या मानेपासून करावी. बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मुठीखाली, दस्ता जिथे लोखंडात बसतो तिथे उजव्या अंगाला मुकुट, राजाची अक्षरे, कारखाना, साल आणि नमुना एकाखाली एक ठोकलेले असतात. ‘ईआर’ म्हणजे सातवा एडवर्ड, म्हणजे 1910 पर्यंतचा काळ. ‘जीआर’ म्हणजे जॉर्ज. त्यापुढे आणखी एक ‘आय’ असेल, तर ती रायफल बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातली. तो ‘आय’ सम्राटपदाचा. 1950 नंतर मुकुट गेला आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. खंडेनवमीला, दसऱ्याला पोलीस मुख्यालयांत शस्त्रपूजन होते, तेव्हा या खाचांत हळद-कुंकू भरून बसते आणि एरवी न दिसणारे आकडे उठून दिसतात. अक्षरे पुसट असतील तर खडूची पूड बोटाने चोळून तिरप्या उजेडात पाहावे. काचकागद मात्र कधीही लावू नये. एकदा घासून गेलेला छाप परत येत नाही.

मानेवरचे साल म्हणजे जन्माचे साल, एवढेच. नळी, बोल्टचा दांडा, नेम धरायची मागची माशी आणि नळीच्या टोकाचे टोपण यांवरचे क्रमांक जुळले तर सुटे भाग मूळचे. न जुळले तर काही भाग नंतर बदललेले. ‘एफआर’ व पुढे वेगळे साल दिसले, तर रायफल कारखान्यात दुरुस्त होऊन पुन्हा सेवेत आली असे समजावे. ‘डीपी’ म्हणजे फक्त कवायतीची. तिच्यातून गोळी झाडायची नसते. नळीला आतून आटे (गोळीला फिरकी देणारे पीळदार चर) नसतील आणि व्यास .410 असेल, तर ती पोलीस व पहारेकऱ्यांसाठी बदलून घेतलेली एकबारी मस्केट.

जुन्या रायफलींच्या दस्त्यावर पितळी चकती असे आणि तिच्यावर पलटणीची खूण. या भागाच्या इतिहासाला सर्वांत जवळची खूण हीच. जालना, हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद (अंबाजोगाई) येथे हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने उभ्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या, छावण्या होत्या. 1903 मध्ये ती फौज भारतीय लष्करात मिसळली. तिच्या पायदळाची पुढे 19वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि 1945 मध्ये तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट पडले. म्हणून चकतीवर ‘हैदराबाद’ दिसले की रायफल निजामाच्या स्वतःच्या फौजेची, असे धरू नये. पहिल्या महायुद्धात चकत्या लावणे थांबले, त्यामुळे कोरी जागा दिसली तरी संशय घेऊ नये.

गावोगाव ‘ही रझाकाराची बंदूक’ असे सांगतात. 1948 साली सिडनी कॉटन या वैमानिकाने कराचीहून विमानांनी हैदराबादला शस्त्रे पोचवली आणि सप्टेंबरात पोलीस कारवाईने ते राज्य संपले. तेव्हा आठवणीत तथ्य असू शकते. पण छापाचे साल 1952 निघाले तर ती गोष्ट दुसऱ्या बंदुकीची. 1942 निघाले तरी रायफल तेव्हा अस्तित्वात होती एवढेच सिद्ध होते. कोणाच्या हातात होती, हे जप्तीचा पंचनामा किंवा शस्त्रागाराची नोंदवहीच सांगेल.

.303 हा निषिद्ध बोअर (मनाई असलेला नळीचा व्यास) आहे आणि 1959 च्या शस्त्र कायद्याखाली केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ती घरात ठेवता येत नाही. जुन्या वाड्याच्या माळ्यावर सापडलीच, तर बोल्टला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवावे. आणि पंचनाम्यात नुसते ‘एक जुनी गंजलेली रायफल’ न लिहिता मानेवरचा छाप, साल आणि सगळे क्रमांक जसेच्या तसे उतरवून घ्यायला सांगावे. जमा झालेली हत्यारे पुढे मोडीत निघतात.