ट्रेलरच्या दिव्यांच्या वायरिंगमधील बिघाड (नागपूर)

ट्रकमागचा ट्रेलर किंवा ट्रॅक्टरमागची ट्रॉली यांच्या टेल लाइट, ब्रेक लाइट व इंडिकेटरला पुढच्या वाहनाची वीज नीट न पोचणे, आणि त्याचे कारण हुडकण्याची रीत. राष्ट्रीय महामार्ग ४४ व ५३ (जुने ७ व ६) नागपुरात भेटतात. वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामांकडे येणारे ट्रेलर आणि कळमना बाजारात येणाऱ्या ट्रॉल्या, दोन्हींना हे दुखणे जडते. ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची, ट्रॅक्टरची १२ व्होल्टची. १२ चा बल्ब २४ वर लावला तर क्षणात उडतो. उलट केले तर मिणमिणतो. म्हणून आधी बल्बवरचा आकडा वाचायचा.

बल्ब ठीक असेल तर पहिला संशय अर्थवर, म्हणजे वीज बॅटरीकडे परत जाण्याच्या वाटेवर घ्यावा. वीज दिव्यापर्यंत वायरने जाते, परत मात्र बहुधा ट्रेलरच्या चासीतून (लोखंडी सांगाड्यातून) आणि दोन वाहनांमधल्या विजेच्या जोडणीतल्या (प्लग-सॉकेटमधल्या) एकाच पिनमधून येते. हुक किंवा ग्रीस माखलेली जोडप्लेट हा भरवशाचा मार्ग नव्हे. ती पिन सैल झाली की करंट शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो : ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की टेल लाइट लुकलुकते. दिवे असे एकमेकांत मिसळले की बल्ब बदलत बसणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

खात्री करायला बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर थेट दिव्याच्या होल्डरला लावतात. दिवे सुधारले तर दोष अर्थचाच. मीटरने पाहायचे असेल तर दिवा चालू ठेवून होल्डरची अर्थ आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांमधला व्होल्टेज मोजावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर वाटेत कुठेतरी गंज किंवा सैल जोड आहे. बल्ब काढून मोजले तर मीटर फसवतो : तुटत आलेल्या वायरची एकच तार उरली असली तरी तो पूर्ण २४ व्होल्ट दाखवतो, पण २१ वॅटचा बल्ब त्यावर पेटत नाही. जुने मिस्त्री होल्डरला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प मीटरआधी हातात घेतात, ते उगाच नव्हे.

सात पिनी जोडणीत २४ व्होल्टच्या मानकात (आयएसओ ११८५) अर्थ १ नंबरच्या पिनवर, तर १२ व्होल्टच्या मानकात (आयएसओ १७२४) ती ३ नंबरवर असते. एकाच्या नकाशाने दुसऱ्याचा सॉकेट जोडला की सगळा घोळ. पांढरी अर्थ, पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक, असे रंग ठरलेले आहेत. पण दोन-तीन दुरुस्त्या झालेल्या ट्रेलरमध्ये रंगावर विसंबू नये, पिनपासून दिव्यापर्यंत कंटिन्युइटी (वायर अखंड आहे का) पाहावी.

नागपूरचे ऋतू यात भर घालतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, वायरीचे प्लास्टिक कडक होऊन तडकते आणि नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या जोडावरचा टेप नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) घसरतो. मृगाच्या पावसाचे पाणी त्याच फटीतून शिरते आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. अशा वेळी वायर कापून आत चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे जावे लागते. मग सोल्डर (डाग देणे) आणि वर स्लीव्ह (प्लास्टिकची नळी).

फ्यूज फक्त वळणावरच उडत असेल तर जोडणीजवळची केबल कुठे घासते किंवा चेंगरते ते पाहावे. तिथे फ्यूजऐवजी जाड तार घालण्याचा उद्योग काही जण करतात. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते. ट्रेलर सोडल्यावर जोडणीचा प्लग लोंबता ठेवला तर धूळ-चिखल त्याच्यात बसतो, म्हणून तो झाकणीत अडकवून ठेवतात.