आरोग्यविषयक निर्णयांतील किशोर-युवा सहभाग (मराठवाडा)

किशोरवयीन मुलामुलींच्या आणि तरुणांच्या आरोग्याबद्दल शासन, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत किंवा रुग्णालय जे निर्णय घेते, त्यांची आखणी, अंमलबजावणी आणि तपासणी करताना त्या वयाच्या लोकांना सोबत घेण्याची रीत. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे किशोरवय आणि १५ ते २४ हे युवावय मानते. भारताच्या २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवक १५ ते २९ वर्षांचा आहे. २०११ च्या जनगणनेत देशात १० ते १९ वयोगटातले सुमारे २५ कोटी ३० लाख लोक मोजले गेले. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली या आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात या विषयाला विशेष तातडी आहे. बालविवाह, रक्तक्षय आणि ऊसतोडीचे स्थलांतर यांचा सर्वांत जड भार इथे याच वयावर पडतो, आणि त्यावरचे निर्णय मात्र हे वय जिथे हजर नसते अशा बैठकांत होतात.

संकल्पना

या सहभागाचा कायदेशीर पाया संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत आहे. तिच्या बाराव्या कलमानुसार स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला आपल्याशी संबंधित बाबींत ते मत मांडण्याचा हक्क आहे, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन दिले गेले पाहिजे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

त्याच वर्षी मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांवर मुलांचा वापर होतो, त्यांना शोभेला बसवले जाते किंवा नावापुरते बोलावले जाते; हार्ट यांच्या मते त्याला सहभाग म्हणताच येत नाही. कार्यक्रमात पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणारी, स्वागतगीत म्हणणारी आणि भाषणे सुरू झाल्यावर मागच्या रांगेत बसवलेली मुले याच पायऱ्यांवर असतात. बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये चार कसोट्या सांगितल्या: बोलायला सुरक्षित जागा, बोलण्यासाठी लागणारी मदत, ऐकणारा अधिकारी माणूस आणि त्या बोलण्याचा निर्णयावर परिणाम. मराठवाड्यातल्या गावपातळीवरच्या उपक्रमांकडे पाहिले तर पहिल्या दोन कसोट्यांवर बरेच काम झालेले दिसते. किशोरी गट होतात, शिबिरे होतात, मुली धीटपणे बोलू लागतात. त्यांचे म्हणणे ज्याच्या सहीने पैसा खर्च होतो त्याच्यापर्यंत जाणे आणि तिथून उत्तर परत येणे, हा भाग कच्चा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या संकल्पनेचे सारे सत्त्व त्या उत्तरात आहे.

पूर्वपीठिका

मराठवाड्यातील तरुणांना सार्वजनिक जीवन नवे नाही. निजामी राजवटीत १९३८ मध्ये वंदे मातरम् चळवळीत विद्यार्थ्यांनी वसतिगृहे आणि शिक्षणावर पाणी सोडले. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनीच उभे केले. विद्यापीठ नामांतराच्या लढ्यात, १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत, एक संपूर्ण तरुण पिढी होरपळली आणि घडली. हे सगळे सत्तेवर बाहेरून आणलेले दडपण होते. आरोग्याच्या निर्णयात आत बसून बोलण्याची परंपरा त्यामानाने अलीकडची आहे.

तिचा एक धागा ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपापर्यंत जातो. लातूर-उस्मानाबादच्या पुनर्वसनात गावातल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले; घरबांधणीची माहिती लोकांपर्यंत आणि लोकांच्या तक्रारी यंत्रणेपर्यंत नेणे हे त्यांचे काम होते. दुसरा धागा २००७ चा आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील लोकाधारित देखरेख प्रक्रिया महाराष्ट्रात ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव होता. गावाने उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला गुण द्यायचे, आणि जनसुनवाईत डॉक्टर व अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर उत्तर द्यायचे, अशी ती पद्धत. किशोरवयीनांसाठी वेगळी यंत्रणा नव्याने शोधायची गरज नाही. प्रश्नाला जाहीर उत्तर मागण्याची ही रीत या मातीत एकदा रुजलेली आहे.

सध्याची रचना

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला. पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, इजा व हिंसा, व्यसने आणि असंसर्गजन्य आजार हे त्याचे सहा विषय. गावात समवयस्क शिक्षक म्हणून मुलगे आणि मुली निवडायचे, त्यांनी आपल्या वयाच्या इतरांशी बोलायचे, दर तिमाहीला किशोरवयीन आरोग्य दिन घ्यायचा आणि रुग्णालयांत किशोरांसाठी स्वतंत्र सल्ला केंद्र चालवायचे, असा आराखडा आहे. महाराष्ट्रात ही केंद्रे मैत्री क्लिनिक म्हणून ओळखली जातात.

समवयस्क शिक्षक हा निरोप पोचवणारा ठरतो की निरोप आणणारा, यावर सगळे अवलंबून आहे. आशाताईच्या हाताखाली लोहाच्या गोळ्यांचे महत्त्व सांगणारी मुलगी उपयोगी काम करते, यात शंका नाही. त्या गोळ्या मुली का फेकून देतात, उपाशीपोटी घेतल्यावर मळमळते का, शाळेत पाणी नसते का, हे तिला विचारले गेले आणि त्यावरून वाटपाची वेळ बदलली, तर ती निर्णयात सहभागी झाली. पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यासाठी नोंदले गेले आहे. इतक्या वर्षांच्या गोळ्यांनंतर ही स्थिती असेल, तर गोळी खाणारीला विचारण्यावाचून दुसरा रस्ता उरत नाही.

गावपातळीवर आरोग्याचा निर्णय घेणाऱ्या जागा मुख्यतः दोन. एक ग्रामसभा, जिचे सदस्य मतदारयादीतले म्हणजे अठरा वर्षांवरील लोक असतात. दुसरी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, जिला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत अबंधित, म्हणजे खर्चाची बाब आधी ठरवून न दिलेला, निधी मिळण्याची तरतूद आहे. रक्कम छोटी असली तरी ती गावातच खर्च होते, म्हणून किशोरवयीनांच्या मागणीचा परिणाम सर्वांत लवकर इथे दिसू शकतो: शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी, पाण्याची टाकी, वापरलेले पॅड टाकण्याची सोय. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी, असाही दंडक आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घेतली जाते; ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या प्रक्रियेत बालसभाही सुचवलेली आहे. बालसभेतली मागणी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर चढते का, हे सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या इच्छेवर राहते.

ऊसतोडीचे वेळापत्रक

ग्रामसभेच्या रूढ तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत आराखडा बनवण्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरपासून पुढचे काही महिने चालते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, धाराशिवच्या गावांतून ऊसतोड मजुरांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. आराखडा लिहिला जातो नेमका तेव्हा वस्ती आणि तांडे रिकामे असतात. ज्या मुलींच्या आरोग्याची सर्वांत काळजी करायला हवी त्या मुली तेव्हा उसाच्या फडावर मोळ्या बांधत असतात, नाहीतर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळत असतात.

ही केवळ गैरसोय नाही. मजूर जमवणाऱ्या मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. मुलीला गावी एकटी ठेवायची भीती आणि जोडी झाल्यावर मिळणारी उचल, दोन्ही मिळून लग्न लवकर उरकते. वर सांगितलेल्या सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के होते. परभणीत ते सुमारे ४८ आणि बीडमध्ये सुमारे ४४ टक्के होते. पुढे लवकर बाळंतपणे, पाणी व आडोसा नसलेल्या ठिकाणी पाळी, अंगावरून पांढरे जाणे, दुखणे काढायला सुट्टी घेतली की खाडा, म्हणजे दंडाची कपात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, तेव्हा राज्य हादरले. त्यानंतर खासगी रुग्णालयांवर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचे बंधन आले. तो उपाय आवश्यक होता, पण तो या साखळीच्या शेवटच्या कडीवर बसला. साखळीची पहिली कडी पंधरा-सोळाव्या वर्षी जोडली जाते. त्या वयाच्या मुलीला विचारले असते तर फडावरचे पाणी, पाळीत विश्रांती आणि गावी राहण्यासाठी सुरक्षित हंगामी वसतिगृह हे विषय रुग्णालयाच्या परवानगीआधी आले असते, असे मानायला पुरेसा आधार आहे; कारण ती हे रोज भोगते.

म्हणून मराठवाड्यात सहभागाचा पहिला नियम वेळेचा ठरतो. बालसभा आणि किशोरी बैठका गाड्या भरण्यापूर्वी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये व्हायला हव्यात आणि त्यांच्या मागण्या लेखी रूपात आराखड्यासाठी राखून ठेवायला हव्यात. एप्रिलनंतर परत आलेल्यांना त्या मागण्यांचे काय झाले हे १ मेच्या ग्रामसभेत सांगता येते. यासाठी नवा कायदा लागत नाही.

पाचोडचा अनुभव

पैठण तालुक्यातील पाचोड येथे डॉ. अशोक दयालचंद यांच्या नेतृत्वाखालील इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अविवाहित किशोरींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग सुरू केला. वर्ग संध्याकाळी तासभर चाले, म्हणजे दिवसा शेतात जाणाऱ्या आणि शाळा सुटलेल्या मुलींनाही येता येई. शिकवणाऱ्या गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायका होत्या. या भागातले मुलींचे लग्नाचे मध्यम वय काही वर्षांत सोळावरून सतरावर गेल्याचे अभ्यासातून पुढे आले. एक वर्ष कमी वाटेल. पण सोळा आणि सतरा यांमध्ये दहावीची परीक्षा, हाडांची वाढ आणि पहिल्या बाळंतपणाचा धोका उभा असतो.

हा वर्ग धोरणनिर्मितीत सहभाग देणारा नव्हता. त्याने सहभागाची पूर्वतयारी दाखवली: आईबापांना विश्वासात घेणे, मुलीच्या कामाच्या वेळेभोवती वर्ग बसवणे आणि बोलण्याचा सराव रोजचा करणे. एका दिवसाच्या शिबिरात माइक हाती देऊन हे साधत नाही.

कोण बाहेर राहते

लग्न झालेली सतरा वर्षांची मुलगी जवळजवळ नेहमी सुटते. किशोरी गटात ती आता बसत नाही, बचतगटात सासू बसते आणि ग्रामसभेसाठी तिचे वय भरत नाही. आरोग्ययंत्रणा तिला गरोदर माता म्हणून ओळखते, तिच्या मताची मात्र नोंद कुठेच नाही. निवडीत शाळेतली हुशार, पुढाऱ्याच्या घरची किंवा बोलकी मुले पुढे येतात. पारधी वस्ती, बंजारा तांडा, अपंग मुले आणि शाळा सुटलेले मुलगे मागे पडतात. गुटखा, दारू, कर्ज आणि बापाच्या आत्महत्येनंतर घराचा भार उचलणारा अठरा वर्षांचा मुलगा आरोग्याच्या बैठकीला येईल अशी कुणी अपेक्षाही करत नाही. मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांसाठी समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, मानसिक आरोग्यासाठी टेली मानसची १४४१६ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. या सेवा कशा असाव्यात हे अशा मुलांकडून जाणून घेणे अजून बाकी आहे.

लातूरची शिकवणीची वसाहत हा दुसरा सुटलेला कोपरा. सर्व जिल्ह्यांतून आलेली मुले खोल्या घेऊन परीक्षेची तयारी करतात. त्यांचे आईबाप आणि ग्रामसभा गावी, त्यांचा ताण आणि झोपमोड लातुरात. फडावरच्या मुलीप्रमाणे ही मुलेही निर्णय होतो त्या जागेपासून दूर राहतात. महानगरपालिकेच्या आरोग्य नियोजनात त्यांना रहिवासी म्हणून धरायला हवे.

कायदा आणि गोपनीयता

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार अठराच्या आतील व्यक्तीविरुद्धच्या गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार अल्पवयीन मुलीच्या गर्भपातासाठी पालकाची संमती लागते. संरक्षणासाठी केलेल्या या तरतुदींमुळे काही मुली दवाखाना टाळतात. ग्रामीण रुग्णालयात मैत्री क्लिनिकच्या दारासमोरच्या बाकावर ओळखीचा चुलता बसलेला असेल, तर आत कितीही चांगली समुपदेशक असून उपयोग नाही. दार कोणत्या बाजूला असावे, वेळ कोणती असावी, केसपेपरवर काय लिहू नये, हे ठरवताना स्थानिक मुलामुलींचे मत घेणे हा या सहभागाचा सर्वांत स्वस्त आणि तातडीचा प्रकार होय. बैठकीत मात्र कोणालाही स्वतःची आपबीती सांगायला लावू नये; सूचना मांडणे पुरे.

पडताळणी

सहभाग खरा झाला का हे तपासण्यासाठी हजेरीपट आणि छायाचित्रे अपुरी पडतात. समितीचे इतिवृत्त पाहावे. त्यात कोणत्या वयोगटाने कोणती मागणी केली, ती मान्य झाली की नाही, नाकारली तर कारण काय, किती खर्च कधीपर्यंत होणार, ही नोंद हवी. येणाऱ्यांना एसटीचे भाडे व जेवण मिळाले का, मुलींची बैठक अंधार पडण्यापूर्वी संपली का, त्यांना परत घरी पोचवायला कोणी होते का, हेही त्यातच लिहावे. पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या इतिवृत्ताच्या वाचनाने, त्या मुलामुलींसमोर व्हावी.