सेवासमाप्तीनंतरचे संचित इजेचे दावे

एखाद्या अपघाताने नव्हे, तर वर्षानुवर्षे कामाच्या आवाजाने, धुळीने, रसायनांनी किंवा श्रमाने शरीरात साठत गेलेल्या इजेबद्दल नोकरी सुटल्यावर मागितलेली नुकसानभरपाई. भोसरी ते चाकण पट्ट्यातील प्रेसशॉप, फोर्जिंग आणि फाउंड्र्यांमुळे पुण्याच्या कामगारवस्त्यांना ही इजा, नाव माहीत नसले तरी, चांगली परिचित आहे.

१९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने तिसऱ्या अनुसूचीतील व्यवसायजन्य रोगांनाच ‘अपघाती इजा’ मानले. अनुसूचीच्या ‘ब’ भागातील रोग, ज्यांत आवाजामुळे येणारे श्रवणदोषही आहेत, त्याच कामावर सलग सहा महिने असलेल्याला जडला, तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरले गेले. तसे नाही हे दाखवणे मालकाकडे आले. ओझी उचलून गेलेल्या कंबरेला हा आधार नाही; तिथे विशिष्ट अपघाताशी थेट संबंध सिद्ध करावा लागतो. कॅलिफोर्नियाचा कायदा वारंवारच्या श्रमाच्या एकत्रित परिणामालाच इजा म्हणतो, मात्र कामावरून काढल्याच्या नोटिशीनंतरचा दावा, काही अपवाद सोडता, अडवतो.

घोडे अडते ते तारखेवर. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे, आणि साठत आलेल्या इजेला असा दिवसच नसतो. यावर १९२३ च्या कायद्याच्या कलम १० ने तोडगा काढला: नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणे उद्भवली, तर ती प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा. पुरेशा कारणासाठी उशीर माफ करण्याचा अधिकारही असे दावे ऐकणाऱ्या नुकसानभरपाई आयुक्तांना होता. पुण्यात हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहत आले. तरीही फाउंड्रीत फेटलिंग, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करणाऱ्यासाठी ही दोन वर्षे तोकडीच म्हणावी लागतील, कारण सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, काम सुटल्यावरही वाढत राहतो आणि कित्येकदा फार उशिरा कळतो.

प्रेस ऑपरेटरच्या घरी टीव्हीचा आवाज वाढत जातो, मग कधीतरी काढलेल्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात, ४००० हर्ट्झपाशी रेषा खड्ड्यात उतरलेली दिसते. मात्र ती खाच कोणत्या कारखान्यात पडली हे कागदांनीच ठरते, आणि कंत्राटी कामगाराची हजेरी ठेकेदाराच्या वहीत असते. ठेकेदार बदलला की वहीही जाते. मग पगारपत्रके आणि पीएफची नोंद उपयोगी पडते.

ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, विमाधारकाला याच इजेसाठी मालकावर दावा करता येत नाही. अपंगत्वाचा लाभ महामंडळाकडून, वैद्यकीय मंडळाच्या तपासणीनंतर मिळतो. १९२३ चा कायदा इतर आठ कायद्यांसह सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे.