पुंगळी (काडतुसाची)

काडतुसाचे धातूचे आवरण. गोळी, दारू व टोपी (मार बसताच ठिणगी देऊन दारू पेटवणारा बुडातला भाग) यांना ती एकत्र धरते आणि बार उडताना नळीचे मागचे तोंड बंद करते. रायफलीच्या काडतुसात ती बहुधा पितळेची असते. पोलादी व ॲल्युमिनियमच्या पुंगळ्याही निघतात. वापरलेली पुंगळी नवी टोपी, दारू व गोळी घालून पुन्हा भरण्यासाठी मात्र पितळेलाच पसंती आहे.

काडतूस हा शब्द पोर्तुगीज 'कार्तुशु' वरून आला की फ्रेंच 'कार्तूश' वरून, याबद्दल मतभेद आहेत. दोन्हींचे मूळ इटालियन 'कार्तोच्चो', म्हणजे कागदाची गुंडाळी, येथपर्यंत जाते. कोकण किनाऱ्यावरील पोर्तुगीजांचा दीर्घ वावर आणि पिस्तुलासारखे सोबतचे शब्द पाहता पोर्तुगीज व्युत्पत्ती अधिक संभवनीय वाटते. मूळ अर्थ वस्तूलाही लागू होता. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या पलटणीने उठाव केला, तेव्हा सैन्यातली काडतुसे कागदाचीच होती. ब्रिटिश सैन्यात बॉक्सर या इंग्रजाने रचलेले धातूचे काडतूस १८६६ च्या सुमारास आले. ते पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेले असे. एकसंध ओढलेली पुंगळी तेथे साधारणतः १८८० च्या दशकात रुळली.

पुंगळीच्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. पत्र्याच्या चकतीची वाटी करतात, ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात आणि दोन ओढींच्या मध्ये तापवून मऊ करतात (अनुशीतन). ठोकून कडक झालेले भांडे तांबट पुन्हा भट्टीत धरतो, त्यामागचे तत्त्व हेच. चांगल्या पुंगळीत सगळीकडे सारखा कडकपणा नसतो, नसावाच. बूड कडक हवे, नाहीतर टोपीचे घर सैल पडते. मान मऊ हवी, नाहीतर चिरते. बार होताच पुंगळी फुगून नळीच्या घराला (काडतूस बसते त्या मागच्या भागाला) चिकटते आणि दाब उतरताच किंचित आकसते, म्हणून बाहेर काढता येते. लष्करी पुंगळीच्या मानेवर दिसणारा निळसर-तपकिरी डाग शेवटच्या अनुशीतनाचा असतो. नागरी मालात तो बहुधा घासून काढतात. तो दिसला म्हणून माल जुना किंवा जळका समजणे चूक आहे.

निवड करताना नेमबाज एकाच घाण्यातल्या (एका वेळी तयार झालेल्या), एकाच छापाच्या पुंगळ्या घेतो. वजन व मानेच्या भिंतीची जाडी सर्व पुंगळ्यांत सारखी आहे का, ते पाहतो. वजनातला फरक आतल्या जागेतला फरक सुचवतो, आणि जागा बदलली की त्याच दारूने दाब बदलतो. टोपीची ठिणगी दारूपर्यंत नेणारे बुडातले भोक मधोमध व आतून साफ असावे. टोपी बसवण्याच्या दोन पद्धती आहेत: बॉक्सर पद्धतीत असे एक भोक असते, बर्डन पद्धतीत सहसा दोन. या पद्धती ज्यांच्या नावाने ओळखल्या जातात त्यांपैकी बॉक्सर इंग्रज होता व बर्डन अमेरिकन, तरी पहिली पद्धत अमेरिकेत आणि दुसरी युरोपातील लष्करांत स्थिरावली. बर्डनची टोपी काढणे जिकिरीचे असल्याने पुन्हा भरणारे बॉक्सर पद्धतीची पुंगळी घेतात. फिनलंडच्या लापुआ या कंपनीचा माल अचूक नेमबाजीत विशेष मानला जातो. वापरलेल्या पुंगळीच्या बुडाच्या थोडे वर चकाकते कडे दिसले तर भिंत आतून पातळ झाली आहे. ती टाकून द्यावी. मानेची चीर व टोपीचे सैल घर यांबाबतही हाच नियम.

पुंगळीच्या दोषांपैकी 'सीझन क्रॅकिंग', म्हणजे पितळ आपोआप चिरणे, सर्वांत वादग्रस्त आहे. प्रचलित कथन असे: हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेचा दारूगोळा पावसाळ्यात पागांमध्ये ठेवला जाई आणि पुढे पुंगळ्या वापराविना चिरलेल्या आढळत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि थंड ओढणीत पितळेत राहिलेला ताण या तिघांचा हा परिणाम, हे मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांच्या १९२१ च्या अभ्यासानंतर सर्वमान्य झाले. वाद नावाचा आहे. काहींच्या मते 'सीझन' म्हणजे पावसाळा. दुसऱ्या मतानुसार मुरवलेल्या लाकडाला पडतात तशा चिरा दिसल्याने हे नाव पडले. पाऊसकाळ नसलेल्या देशांतही इतर पितळी वस्तू अशाच चिरत असल्याने दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. कारखान्यात मंद उष्णतेने ताण उतरवणे हा उपाय आहे. कोल्हापूरसारख्या, चार महिने ओल धरून राहणाऱ्या हवेत पुंगळ्या कोरड्या जागी ठेवाव्यात आणि अमोनिया असलेल्या पॉलिशने घासू नयेत.

कोल्हापूरचे नाव नेमबाजीत मोठे आहे. तेजस्विनी सावंत हिने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये (पालथे झोपून नेमबाजी) विश्वविजेतेपद मिळवले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पालथे व उभे राहून नेमबाजी) कांस्यपदक जिंकले. या स्पर्धांत पॉइंट टू टू (.२२) रिमफायर काडतूस वापरतात. त्यात स्फोटक द्रव्य बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते आणि घोड्याच्या माराने कडा चेपते, त्यामुळे पुंगळी पुन्हा भरण्याचा प्रश्न उरत नाही. तेथे नेमबाजाची निवड तयार काडतुसाच्या लॉटची असते: आपल्या नळीला कोणता लॉट मानवतो, ते तो प्रत्यक्ष नेम धरून ठरवतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा बनवण्यास परवाना लागतो आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. महाराष्ट्रात दारूगोळ्याचे सरकारी कारखाने खडकी (१८६९) व वरणगाव (१९६४) येथे आहेत.