खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय : आधी मासा, मग वाळू

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरी मांडायचे ठरले की बहुतेक जण आधी टाकी आणतात, मग तिला शोभेल अशी पांढरीशुभ्र वाळू पसरतात आणि माशांची निवड सर्वांत शेवटी करतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. प्रवाळभोवतालच्या कित्येक माशांसाठी तळ ही झोपण्याची, लपण्याची, अन्न शोधण्याची आणि प्रसंगी घर बांधण्याचीही जागा असते. त्यामुळे कोणते मासे ठेवायचे हे ठरल्याखेरीज वाळू किती बारीक असावी आणि तिचा थर किती जाड असावा, या प्रश्नांना नेमके उत्तर मिळत नाही.

खाऱ्या टाकीत साधारणपणे अ‍ॅरागोनाइटची वाळू वापरतात. अ‍ॅरागोनाइट हे कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिकरूप असून प्रवाळांचे सांगाडे आणि अनेक शिंपले त्याचेच बनलेले असतात. (उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांवरची बरीचशी पांढरी वाळू पोपटमाशांच्या पोटातून आलेली असते. हे मासे प्रवाळखडक कुरतडतात, घशातल्या दातांनी त्याचे पीठ करतात आणि न पचलेला चुरा विष्ठेवाटे टाकतात.) अ‍ॅरागोनाइटची वाळू पाण्याचा सामू (पीएच) आपोआप राखते, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते, पण या म्हणण्यात तथ्य थोडेच आहे. टाकीतल्या खाऱ्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ असताना त्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट इतके मुबलक असतात की अ‍ॅरागोनाइट त्यात सहसा विरघळतच नाही. थराच्या खोल भागात, जिथे जिवाणूंच्या श्वसनामुळे सामू उतरतो, तिथे ते थोडेफार विरघळते, इतकेच. म्हणून वाळू घातली म्हणजे क्षारता (सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) मोजण्यापासून सुटका झाली, असे कोणीही समजू नये. क्वार्ट्झची, म्हणजे सिलिकाची वाळू पाण्याच्या रसायनात जवळपास ढवळाढवळ करत नाही आणि ती विषारीही नसते. मात्र तिचे काही प्रकार टोकदार कणांचे असतात.

रसायनापेक्षा महत्त्वाचा असतो तो कणांचा आकार. प्रवाळाचा जाडा चुरा दिसायला नैसर्गिक वाटतो, पण तीन ते पाच मिलिमीटरच्या खड्यांमधल्या फटींत उरलेले अन्न आणि विष्ठा अडकून कुजत राहते, परिणामी पाण्यातले नायट्रेट वाढत जाते. याउलट पिठासारखी वाळू जोरदार पंपापुढे टिकत नाही. ती उडून प्रवाळांवर बसते आणि तळाची काच उघडी पडते. एक ते दोन मिलिमीटरचे कण हा बहुतेक टाक्यांसाठी मधला मार्ग ठरतो.

जाडीचा संबंध जिवाणूंशी आहे. माशांच्या उत्सर्जनातला अमोनिया प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू प्राणवायूवर जगतात, त्यामुळे ते वाळूच्या वरच्या थरात आणि खडकांच्या पृष्ठभागावर वाढतात. नायट्रेटचे रूपांतर नत्रवायूत करणाऱ्या जिवाणूंना मात्र प्राणवायूचा अभाव लागतो, आणि तो बारीक वाळूत काही सेंटिमीटर खाली गेल्यावर मिळतो. याच तत्त्वावर काही जण दहा ते पंधरा सेंटिमीटर जाडीचा थर ठेवतात. मात्र असा थर पुढे ढवळता येत नाही, कारण खोलवर साचलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम बाहेर पडला तर मासे मरू शकतात. घरगुती टाकीसाठी अडीच ते पाच सेंटिमीटरचा थर पुरे. तो उपसानळीने थोडाथोडा स्वच्छ करता येतो, आणि नायट्रेट कमी करण्याचे काम सच्छिद्र खडक व नियमित पाणीबदल यांवर सोपवता येते.

आता माशांकडे वळू. पिवळा रॅस आणि त्याचे हॅलिकोरिस प्रजातीतले भाऊबंद दिवे मालवायच्या सुमारास अस्वस्थ होतात, एखादी जागा हेरतात आणि क्षणात डोके खुपसून वाळूत दिसेनासे होतात. रात्रभर ते तिथेच झोपतात. नवीन आणलेला रॅस दोन-तीन दिवस वाळूतून बाहेरच आला नाही, तरी तो मेला असे समजून वाळू उकरत बसू नये. अशा माशांना किमान पाच सेंटिमीटर बारीक वाळू हवी. जाड्या चुऱ्यात घुसताना त्यांचे तोंड आणि अंग खरचटते, आणि त्या जखमांना संसर्ग होतो. सगळेच रॅस असे वागतात असेही नाही: फेअरी रॅस खडकांच्या कपारीत स्वतःभोवती चिकट कोश विणून झोपतो, त्याला वाळूशी देणेघेणे नसते.

जॉफिशची गरज आणखी वेगळी असते. तो उभे बीळ खणतो, आणि नुसत्या बारीक वाळूचे बीळ ढासळते. म्हणून त्याच्या टाकीत वाळूबरोबर शिंपल्यांचे तुकडे आणि लहान खडेही हवेत. एकेक खडा तोंडात धरून आणत, फिरवून पाहत तो बिळाचे तोंड असे बांधून काढतो की अनुभवी गवंड्यानेही मान डोलवावी. पिस्टल कोळंबी आणि तिचा सोबती गोबी यांनाही अशीच मिश्र वाळू मानवते. कोळंबीची नजर अधू असते. ती बिळातली वाळू ढकलत बाहेर येते तेव्हा तिची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते, आणि धोका दिसताच गोबीने शेपटी फडफडवली की ती त्याच क्षणी आत पळते. खणणारे प्राणी ठेवायचे असतील तर खडक आधी थेट तळाच्या काचेवर भक्कम बसवावेत आणि वाळू त्यांच्याभोवती नंतर घालावी. वाळूवर ठेवलेला खडक खालून पोखरला गेला की कोसळतो, आणि त्याखाली सापडतो तो खणणाराच.

वाळू चाळणारा डायमंड गोबी तळ स्वच्छ ठेवतो म्हणून लोकप्रिय आहे. पण तो वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून बाहेर टाकतो ते तिच्यातले सूक्ष्म कवचधारी जीव आणि कृमी खाण्यासाठी. लहान आणि नव्या टाकीत हे खाद्य लवकर संपते आणि मासा हळूहळू खंगतो. साफसफाईसाठी मासा आणणे हा विचारच मला चुकीचा वाटतो.

माशांच्या आपसातल्या संबंधांबद्दल एक ढोबळ नियम उपयोगी पडतो: आकार, रंग आणि आहार जितका सारखा, तितके भांडण अधिक. एकाच प्रकारचे दोन टँग लहान टाकीत सहसा नांदत नाहीत, आणि त्यांच्या शेपटीच्या बुंध्याशी असलेला काटा खोल जखम करतो. क्लाउनफिश सुरुवातीला नर असतात. जोडीतला वरचढ मासा पुढे मादी होतो. म्हणून लहान-मोठे असे दोनच मासे आणावेत, तिसऱ्याचे हाल होतात. लायनफिश शांत दिसतो, पण तोंडात मावेल असा कोणताही मासा गिळतो. डॅम्सेल चिवट असतात म्हणून नव्या टाकीत सर्वांत आधी सोडण्याची जुनी पद्धत आहे, आणि त्याचा परिणाम असा की ते सगळी टाकी आपली मानून नंतर आलेल्या प्रत्येकाला छळतात. बुजरे मासे आधी आणि दांडगे शेवटी, हाच क्रम योग्य.

प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवणे आवश्यक आहे, आणि त्याचे एक कारण पुन्हा वाळूशीच येऊन भिडते. खाऱ्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी माशाच्या अंगावरून सुटला की तळाशी कोश करून बसतो, आणि त्यातून नवी पिल्ले बाहेर पडतात. तांब्याचे औषध त्यावर चालते, पण ते मुख्य टाकीत घालता येत नाही, कारण अ‍ॅरागोनाइट तांबे शोषून घेतो आणि कोळंबी, प्रवाळ यांना तांबे घातक असते. म्हणून विलगीकरणाची टाकी बिनवाळूची ठेवतात. वाळूत झोपणाऱ्या रॅसची मात्र तिथे पंचाईत होते. त्याच्यासाठी काचेच्या एका पसरट भांड्यात सिलिकाची बारीक वाळू भरून ते कोपऱ्यात ठेवावे, कारण ही वाळू तांबे फारसे शोषत नाही आणि उपचार संपल्यावर फेकूनही देता येते.