मधल्या चेनवर किती किलो?

बारा मीटर लांबीचा ट्रस आहे, म्हणजे स्टेजवरचे दिवे टांगायची, नळ्या आणि तिरक्या दांड्या जोडून केलेली तुळई. लाईट, केबल, क्लॅम्प आणि ट्रसचं स्वतःचं असं मिळून ८०० किलो वजन, सगळ्या लांबीभर सारखं पसरलेलं. दोन टोकांना एकेक आणि बरोबर मधोमध एक, अशा तीन चेनपुल्यांवर (साखळी ओढून वजन उचलायच्या कप्प्यांवर) तो टांगलाय. मधल्या चेनवर किती वजन येईल?

कोल्हापुरात स्टेज उभारणाऱ्या पोरांना मी हा प्रश्न आवर्जून विचारतो. बहुतेक जण आठशेला तीननं भागतात आणि २६७ सांगतात. एखादा थांबून म्हणतो, मधली चेन दोन्हीकडचं निम्मं निम्मं उचलणार, म्हणजे ४००. ट्रस मध्ये कापलेला असता तर त्याचं बरोबर होतं. पण ट्रस अखंड आहे, आणि अखंड ट्रसमध्ये मधली चेन ५०० किलो पेलते. टोकांच्या वाट्याला १५०-१५० येतात. तिन्ही जागी अर्ध्या टनाची चेनपुली लावली, तर बेरजेनं दीड टनाची सोय दिसते आणि मधली चेन मात्र आत्ताच काठोकाठ भरलेली असते.

लांब ओला बांबू तिघांनी खांद्यावर घेऊन बघा. मधल्याच्या खांद्यावरून बांबू दोन्हीकडे वाकू पाहतो, टोकाच्यांना हलकं वाटतं आणि मधला दबतो. ट्रसचं तेच होतं, फक्त त्याचं वाकणं डोळ्यांना दिसत नाही.

आता हाच ट्रस वर चढतोय असं समजा. तिघं तीन साखळ्या ओढतायत आणि मधल्याचा हात जरा मागं राहिला. मधली चेन सैल पडली की टोकांवर ४००-४०० येतात. त्याहून वाईट म्हणजे ट्रसला वाकवणारा जोर आधीच्या चौपट होतो, कारण सहा मीटरचे दोन गाळे, म्हणजे आधारांमधली अंतरं, जाऊन बारा मीटरचा एकच गाळा उरतो. उलट मधला जोरात ओढत पुढं गेला, तर सगळे ८०० त्याच्या एकट्याच्या चेनवर येऊ शकतात. वजन एक किलोनंही वाढलेलं नसतं. म्हणून साखळ्या एका तालात ओढायच्या, आणि दर हातभर उंचीला थांबून लेव्हल बघायची. ट्रस पेलायला जमिनीवर उभ्या केलेल्या टॉवरचंही असंच. आपल्याकडची काळी माती पावसानं भिजली आणि एका टॉवरची बेसप्लेट दोन बोटं खचली, की त्याचा भार शेजारच्या टॉवरकडं सरकतो. बेसप्लेटखाली रुंद जाड फळ्या घालतात त्या यासाठीच.

ट्रसची ताकद त्रिकोणात आहे. चार काठ्यांची चौकट कोपऱ्यात दाबली की तिरकी होते, तिच्यात एक कर्ण बसवला की हलत नाही. नेहमीच्या बॉक्स ट्रसमध्ये चार लांब नळ्या असतात, साधारण ५० मिमी व्यासाच्या आणि फक्त २ मिमी जाडीच्या. मध्ये तिरक्या दांड्या. ट्रस दोन टोकांवर पेललेला असला तर टांगलेल्या भारानं वरच्या नळ्या दाबल्या जातात, खालच्या ताणल्या जातात. अशी पातळ नळी लांबीच्या दिशेनं ओढ आणि दाब उत्तम सोसते, पण आडवं वाकणं तिला मानवत नाही. म्हणून जड वस्तूचा क्लॅम्प किंवा बेल्ट (वजन उचलायचा पट्टा) तिरक्या दांड्या जिथं नळीला मिळतात त्या सांध्याजवळ हवा. शिवाय, दोन टोकांवर पेललेल्या ट्रसच्या मधोमध ३०० किलो एका जागी टांगले, तर ट्रस जितका वाकवला जातो तितकाच तो लांबीभर पसरलेल्या ६०० किलोंनी वाकवला जातो. ट्रसच्या तक्त्यात पसरलेला भार आणि मध्यावरचा भार असे वेगळे आकडे असतात ते यामुळे.

इथं उद्यमनगराबद्दल, कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वस्तीबद्दल, बोललंच पाहिजे. आपल्या शहरातल्या वेल्डरच्या हातावर माझा विश्वास आहे; लोखंडाचं कोणतंही काम तिथं करून मिळतं. पण स्टेजचे ट्रस बहुधा ६०८२-टी६ सारख्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात, आणि त्यातलं टी६ म्हणजे भट्टीत तापवून, विझवून, पुन्हा मंद तापवून दिलेली ताकद. वेल्डिंगची आच लागली की सांध्याभोवतीची ती ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते. कारखान्यात जोडलेल्या सांध्यांचा हिशेब ही घट धरूनच केलेला असतो. चिरलेल्या नळीवर आपण नंतर मारलेल्या टाक्याचा हिशेब कुणीच केलेला नसतो. टाका कितीही सुबक असला तरी आतला धातू नरम झालाय हे वरून कळत नाही. चिरलेला, दबलेला किंवा वाकलेला ट्रस बाजूला काढा.

बेल्टचा कोन हा असाच न दिसणारा भार. एक टन वजन दोन बेल्टनी उचललं आणि दोन्ही बेल्ट सरळ उभे असले, तर प्रत्येकावर ५०० किलो. बेल्ट आडव्या रेषेशी ६० अंशात असले तर ५७७, ४५ अंशात ७०७, आणि ३० अंशात प्रत्येकावर पूर्ण १,००० किलो. १५ अंशात १,९३०! पाण्यानं भरलेली बादली दोघांनी धरून एकमेकांपासून लांब सरकत गेलं की खांद्याला हाच फरक कळतो. हॉलची उंची कमी पडली की बेल्ट आखूड बांधून पसरट करायचा मोह होतो, आणि घात तिथंच होतो.

मोकळ्या मैदानावर मला सगळ्यात जास्त काळजी वाऱ्याची वाटते. ६ मीटर रुंद, ४ मीटर उंच एलईडी वॉल, म्हणजे चित्रं दाखवायचा पडदा, वाऱ्याच्या दृष्टीनं २४ चौरस मीटरचं शीड. वारा ताशी ३६ किलोमीटर असेल तर त्यावर साधारण १५० किलोंचा आडवा रेटा येतो. ताशी ७२ झाला की रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो, म्हणजे जवळपास ५९० किलो. पडद्याच्या आकारामुळं तो आणखीही वाढतो, पण एवढाच धरू. पडद्याखाली दोन मीटर मोकळे असतील तर हा रेटा जमिनीपासून चार मीटरवर लागतो. पाया पुढून मागं दोन मीटर रुंद असेल तर नुसतं उलटू नये म्हणूनच २,३०० किलोंहून जास्त वजन पायावर लागतं, आणि सुरक्षेसाठी त्याहूनही बरंच. पडद्याचं स्वतःचं वजन त्यासाठी अपुरं आहे. भरलेल्या पाण्याच्या टाक्या, काँक्रीटचे ठोकळे आणि नीट ताणलेले तणावे लागतात. ओल्या मातीतली मेख तणाव्याबरोबर उपटून येते.

१३ ऑगस्ट २०११ ला अमेरिकेतल्या इंडियाना स्टेट फेअरमध्ये वादळाच्या पुढं आलेल्या झोतानं स्टेजचं छत कोसळलं आणि सात जणांचा जीव गेला. आपला वळीव याच जातीचा. ढगात पावसानं गार झालेली जड हवा खाली आपटते आणि जमिनीवरून चहूबाजूंना पसरते, म्हणून पहिल्या थेंबाआधी धूळ येते. वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र खाली टेबलावर ठेवून उपयोग नाही, ते ट्रसच्या उंचीवर हवं. कोणत्या वेगाला पडदा उतरवायचा आणि कोणत्या वेगाला मैदान रिकामं करायचं, हे आकडे आणि तो निर्णय घेणारा माणूस सकाळीच ठरलेला हवा. हातानं ओढायच्या साखळीवर पडदा जमिनीला टेकायला बराच वेळ लागतो. धूळ दिसल्यावर तेवढा वेळ हातात उरत नाही. आभाळ काळवंडलं आणि दमट उकाड्यात अचानक गार झुळूक लागली, की साखळी ओढायला सुरुवात करायची.